घोड्याच्या औषधातून घोडा वजा?



गेल्या महिन्यात एका मित्राच्या घरी पॉटलक होतं. जेवणं उरकेपर्यंत गप्पा प्राण्यांवरच्या प्रयोगांवर आल्या. मी घोड्यांच्या सांध्यात टोचायच्या वेदनाशामकांवर संशोधन करते हे आमच्या मंडळीत सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे अशा वेळी नजरा माझ्याकडे वळतात. एका मैत्रिणीने सरळच विचारलं, "आता सगळं काचेच्या भांड्यात नाहीतर कॉम्प्युटरवर होतं ना गं? मग त्या मुक्या जनावराला सुया कशाला टोचता?" घोड्यांवरच्या चाचण्या बंद करा, अशा मागणीचा सह्यांचा कागद तयारच होता. मी सही केली नाही. का केली नाही हे हातात ताट धरून सांगता येईना, म्हणून हा पत्रप्रपंच.

काचेच्या भांड्याला माझा विरोध नाही. माझी निम्मी हयात त्याच्यासमोर गेली आहे! आमचं 'मॉडेल' म्हणजे एक छोटी कुपी, तिला डायलिसिसचा पातळ पडदा. आत दहा मिलीलिटर द्रव, त्यात क्षार आणि हायलुरॉनिक आम्ल. हा झाला सांधा. ही कुपी लिटरभर द्रवात गोल फिरत ठेवायची. बाहेरचा द्रव म्हणजे रक्त. कुपीत औषध टोचायचं आणि ठरावीक वेळाने बाहेर किती झिरपलं ते मोजायचं. कोपनहेगनच्या औषधशास्त्रज्ञांनी अशा फिरत्या कुप्यांवर बरंच काम केलेलं आहे. याचा उपयोग काय? तर सांध्यात टोचलेलं साधं, विरघळलेलं औषध काही तासांतच केशवाहिन्यांतून निघून जातं. ते टिकवायचं तर हळूहळू विरघळणारे स्फटिक किंवा तेलकट थेंब असं काहीतरी करावं लागतं. अशा वीस पाककृतींपैकी सतरा वाईट आहेत हे ही कुपी आठवड्याभरात सांगते. त्या सतरांसाठी एकाही घोड्याला हात लावावा लागत नाही. हे थोडंथोडकं नाही.

पण उरलेल्या तिघींबद्दल कुपी जे सांगते त्यावर मी विश्वास ठेवत नाही, आणि हे मी ठेच खाऊन शिकले आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी (नाव सांगायची मला मुभा नाही) आम्ही एक मिश्रण केलं होतं. कुपीत ते दोन दिवस पुरलं. आलेख इतका सुंदर की मी तो टेबलासमोर चिकटवला होता. मग सहा घोड्यांना ते दिलं. संध्याकाळपर्यंत सांध्यातलं औषध जवळजवळ संपलं होतं आणि दुसऱ्या दिवशी दोन घोड्यांचे सांधे टरारून सुजले. (रेसवाले ज्याला घोड्याचा गुडघा म्हणतात तो शरीररचनेच्या हिशेबाने मनगट असतो. ते मनगट सुजलं की घोडा पाय टेकवताना किती विचार करतो, ते एकदा पाहावं.)

कारणं नंतर सुचली, नेहमीप्रमाणे. औषध लागतं ते दुखऱ्या सांध्याला, आणि दुखरा सांधा सुजलेला असतो. तिथे रक्तप्रवाह वाढलेला असतो, वंगण पातळ झालेलं असतं, पांढऱ्या पेशी स्फटिकांना परकं समजून त्यांच्यावर तुटून पडतात. घोडा चालतो तेव्हा दर पावलाला सांधा दाबला जातो, सुटतो. कुपी आपली एकाच वेगाने शांतपणे फिरत असते. शिवाय कुपीला काही दुखत नाही. कोपनहेगनच्याच संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या कामात घोड्यांच्या सांध्यात जिवाणूंचं विष टोचून सूज आणली आणि मग तिथे मॉर्फिन दिलं, तेव्हा लंगडणं कमी झालं. वाचायला हा प्रयोग सुखाचा नाही. पण लंगडणं कमी झालं हे वाक्य कुठलाही पडदा लिहू शकत नाही.

आता मुख्य मुद्दा. माणसाच्या औषधासाठी उंदीर किंवा ससा वापरतात तेव्हा तो माणसाचा बदली खेळाडू असतो. त्याला वगळा ही मागणी मला पटते. अमेरिकेत २०२२ अखेरच्या कायद्याने माणसाच्या औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांची सक्ती काढली, ते बरंच झालं. माणसावरच्या चाचण्या तरीही होतातच. पण घोड्याच्या औषधात घोडा कुणाचा बदली नाही. तो रुग्ण आहे. त्याच्यावरची चाचणी वगळायची म्हणजे ती दवाखान्यात, पैसे घेऊन, नोंदी न ठेवता करायची.

हे माणसांच्या बाबतीत होऊन गेलं आहे. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस खांद्याच्या सांध्यात बधिरीचं औषध सोडणारे पंप सर्रास वापरात आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली ३५ रुग्णांची माहिती जाहीर केली. त्यांच्या सांध्यांतली कूर्चा नष्ट झाली होती, आणि निम्म्याहून अधिक जणांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. बुपिवाकेनसारख्या औषधाने कूर्चेच्या पेशी मरतात हे ताटलीत अर्ध्या तासात दिसतं. ते आधी कुणी नीट विचारलं नाही. म्हणजे ताटली आधी, हे मलाही हवं आहे. फक्त ताटली, हे नको.

रेसचं बोलायलाच नको. अमेरिकी शर्यतींत सांध्यातल्या इंजेक्शननंतर १४ दिवस घोडा धावू शकत नाही, कारण वेदना झाकलेला घोडा पाय मोडेपर्यंत धावतो. औषध सांध्यात नेमकं किती दिवस उरतं हे कुपीवरून ठरवायचं असेल तर त्या घोड्यावर आपल्या कुणाचं पोर जॉकी म्हणून बसलंय अशी कल्पना करून ठरवावं.

आणि गंमत पाहा. मैत्रिणीच्या कागदावर जे लिहिलं होतं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत, मागे एका कंपनीच्या मॅनेजरने मला ऐकवलं होतं: मॉडेल आहे ना, मग घोडे कशाला? तिला कळवळा आहे, त्याला बजेट. मागणी एकच. आपल्या पुरोगामी मंडळींना याचं काहीच वाटू नये?

सह्या करायच्याच असतील तर मजकूर बदला. कुपीने काय भाकीत केलं आणि घोड्यात प्रत्यक्षात काय झालं, हे शेजारी शेजारी छापायची सक्ती करा, फसलेल्या औषधांसकट. आज फसलेले आकडे कपाटात जातात. मग दुसरी कंपनी तीच चूक दुसऱ्या सहा घोड्यांवर करते. कुपी सुधारायची तर तिला तिच्या चुका कळायला हव्यात, आणि त्या चुका घोड्यांनी आधीच सोसून झालेल्या आहेत. शिवाय लंगडणाऱ्या घोड्याला उपचारासाठी सुई टोचायचीच असते. तेव्हा मालकाच्या संमतीने दोन थेंब द्रव जास्त घेतला तर वेगळे घोडे लागणारच नाहीत.

आमच्या त्या सहा घोड्यांची वही अजून कंपनीच्या ताब्यात आहे. ती प्रसिद्ध करू द्या म्हणून मी दोनदा पत्र लिहिलं. पहिल्याला वकिलाचं उत्तर आलं, दुसऱ्याला आलंच नाही. तिसरं लिहिते आहे. त्यावर कुणाला सही करायची असेल तर मला जरूर कळवा.