काटेरी मुकुट आणि साबणाची वडी

पुऱ्या तळून झालेली कढई नुसत्या पाण्याने धुऊन पाहिलीये कधी? कितीही घासा, ती तेलकट ती तेलकटच! ही कढई लक्षात ठेवा बरं का, शेवटी तिच्याकडे परत यायचंय.

जून नावाची एक मुलगी १९३० साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जन्मली. वडील बस चालवायचे. मुलगी हुशार, पण कॉलेजसाठी पैसे कुठले? सोळाव्या वर्षी शाळा सोडून ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. हीच पुढे जून अल्मेडा म्हणून प्रसिद्ध झाली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून विषाणूंची छायाचित्रं काढावीत तर अल्मेडाबाईंनीच!

कोंबड्यांच्या आणि उंदरांच्या आजारात त्यांना एक वेगळाच विषाणू दिसला होता. त्यांनी तसा लेख पाठवला, पण तो साभार परत आला. का? तर म्हणे, ही फ्लूच्या विषाणूचीच वाईट निघालेली छायाचित्रं आहेत! पुढे डेव्हिड टायरेल या शास्त्रज्ञांनी सर्दी झालेल्या एका शाळकरी मुलाकडून मिळालेला नमुना त्यांच्याकडे पाठवला. त्याचं नाव ‘बी ८१४’. त्यातही तोच गोल विषाणू, भोवती तेच काटे! १९६७ साली ही छायाचित्रं छापून आली आणि १९६८ साली नाव ठरलं – कोरोना. लॅटिन भाषेत कोरोना म्हणजे मुकुट. खग्रास ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या प्रभेलाही हेच नाव आहे.

हा विषाणू केवढा असतो? तुमच्या पट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये असे सुमारे दहा हजार ओळीने मावतील. त्याच्या पोटात आरएनएचा एक लांबलचक धागा असतो. चारच अक्षरांच्या लिपीत लिहिलेला, जवळजवळ तीस हजार अक्षरांचा मजकूर! फ्लूच्या विषाणूच्या दुपटीहून जास्त. एवढं उतरवून काढायचं म्हणजे चुका होणारच. म्हणून याच्याकडे चुका खोडणारं एक प्रथिन असतं, अगदी आमच्या साप्ताहिकाच्या मुद्रितशोधकासारखं. तरीही काही चुका राहतातच (आमच्याही राहतात!) आणि त्यातूनच विषाणूचे नवे अवतार निघतात.

आणि तो मुकुट? तो काही शोभेचा नाही. प्रत्येक काटा म्हणजे एक किल्लीच. २०१९ साली आलेल्या कोरोनाची किल्ली आपल्या पेशींवरच्या ‘एसीई-२’ नावाच्या कुलपाला लागते. कुलूप उघडलं की धागा आत शिरतो आणि पेशी बिचारी आपलं काम सोडून त्याच्याच प्रती काढत बसते. नवे विषाणू बाहेर पडतात तेव्हा पेशीच्या आतल्या पडद्याचा तुकडा पांघरून येतात. म्हणजे पांघरूणसुद्धा चोरीचं!

पण चोराची फजिती इथेच होते. कारण हे पांघरूण असतं स्निग्ध पदार्थाचं. आठवली कढई? साबणाच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं आणि शेपूट तेलाकडे. अशा असंख्य शेपट्या पांघरुणात घुसतात, ते फाटतं आणि विषाणूचा खेळ खलास. मात्र शेपट्यांना सगळीकडे पोचायला वेळ लागतो, म्हणून हात वीस सेकंद तरी चोळायचे.

पोलिओच्या विषाणूला असं पांघरूण नसतंच. त्यामुळे साबणाने तो फाटत नाही. पाण्याबरोबर हातावरून वाहून जातो, एवढंच.