डिझेल ठेवायला मोकळीक, पण विहीर नासली तर?

क्रशरवर, जेसीबीवाल्याच्या आवारात डिझेलची बॅरलं आपण रोज बघतो. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानं २,५०० लिटरपर्यंत डिझेल विनापरवाना ठेवता येतं. फक्त एका टाकीत १,००० लिटरच्या वर नको. का? तर कायदा बघतो तेल किती लवकर पेटतं ते, आणि डिझेल पेट्रोलपेक्षा उशिरा पेटतं. पण मुरून विहिरीत उतरलं की पेट्रोल काय नि डिझेल काय, पाणी गेलंच!

हा कायदा केंद्राचा, मात्र पाणी राज्याचा विषय. विहिरीपासून अंतर किती, बॅरलांभोवती बांध हवा का, सफाईचा खर्च कोणाचा, हे राज्यानं स्पष्ट लिहावं. तोवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पुण्याचं खंडपीठ आहे. भरपाईच्या अर्जाला मुदत ५ वर्षं. पंचनामा मात्र लगेच करून घ्या.