चाळ, चौकी आणि चौकशी

मुंबईच्या नायगावात, तसेच वरळी, डिलाइल रोड आणि शिवडी येथे १९२०च्या दशकात सरकारच्या विकास विभागाने बी.डी.डी. चाळी उभ्या केल्या. खोली १६० चौरस फुटांची, नळ आणि संडास सामायिक. या चाळींत गिरणी कामगार राहिले, दलित कुटुंबे राहिली आणि पोलीस शिपायांची कुटुंबेही राहिली. मुंबईतील जात आणि पोलीस यांच्या नात्याचा विचार या शेजारापासूनच सुरू करावा लागतो.

पोलिसांशी असलेल्या नात्याचा हाच प्रश्न अमेरिकेत वर्णाच्या संदर्भात उभा होता. १९६६ मध्ये तिथल्या ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला, तो पोलिसांवर नजर ठेवण्यासाठी. पोलिसांनी कृष्णवर्णीयाला अडवले की कार्यकर्ते अंतर राखून उभे राहत आणि कायद्याचे कलम वाचून दाखवत. हातात बंदूकही असे, आणि तेव्हा कॅलिफोर्नियात ते कायदेशीर होते. १९६७ मध्ये तो कायदा बदलला, अर्थात पँथर कार्यकर्त्यांमुळेच. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले प्रभृतींनी मुंबईत दलित पँथर स्थापन केली. नाव तिकडचे, दुखणे इथले: राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली होती, पण अत्याचाराची फिर्याद घेऊन जायचे ते पोलीस ठाण्यातच.

५ जानेवारी १९७४ रोजी, मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीच्या तोंडावर, वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील पँथरच्या सभेवर दगडफेक झाली आणि पोलिसांनी लाठीमार केला. १० जानेवारीला परळमध्ये पँथरच्या मोर्चावर इमारतीतून टाकलेल्या दगडाने कार्यकर्ते भागवत जाधव मारले गेले. दंगल नायगावपर्यंत पसरली. पोलीस एका बाजूला झुकले असे आरोप झाले, आणि न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला गेला.

आयोग नेमणे ही दोन्ही देशांची जुनी सवय. १९६७च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील दंगलींत डेट्रॉइटमध्ये ४३ माणसे मेली, नेवार्कमध्ये २६. पुढच्या वर्षी आलेल्या कर्नर आयोगाच्या अहवालाने वंशभेदाकडे आणि पोलिसांच्या वागणुकीकडे स्पष्ट बोट दाखवले. त्यावर सरकारने फारसे केले नाही. मात्र रॉडनी किंग या कृष्णवर्णीयाला पोलिसांनी केलेल्या मारहाणीच्या प्रकरणानंतर, १९९४ मध्ये, तिथे एक साधन तयार झाले. एखाद्या शहराचे पोलीस दल घटनात्मक हक्क सातत्याने पायदळी तुडवत असेल, तर केंद्रीय न्याय विभाग त्या शहरावर दावा लावू शकतो आणि सुधारणा न्यायालयाच्या देखरेखीखाली होतात. बाल्टिमोरमध्ये २०१७ पासून तसे घडले.

इथे १९५२च्या चौकशी आयोग कायद्याखालील अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. आयोगापुढची जबानी देणाऱ्याविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही, म्हणजे फौजदारी काम पुन्हा पहिल्यापासून. त्यात पोलिसांवर कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायचा, तर शासनाची पूर्वमंजुरी लागते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. गुंडेवार आयोगाने गोळीबाराचे समर्थन होऊ शकत नाही असे म्हटले; सत्र न्यायालयाने संबंधित पोलीस अधिकाऱ्याला दोषी ठरवले ते २००९ मध्ये.

आयोगांपेक्षा कधी कधी एका पत्राने जास्त काम केले आहे. मुंबईतील कोठड्यांत स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीबद्दल पत्रकार शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. १९८३च्या निकालात स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, महिला पोलिसांचा पहारा आणि अटकेची माहिती विधी साहाय्य समितीला तत्काळ कळवणे हे आदेश आले. मुंबईच्याच पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी याच न्यायालयाने तुरुंगांत जातीनुसार कामे वाटणारे नियम रद्द केले. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेशही त्यातच आहे.