निरोगी माणसाने औषध का घ्यावे?

पायात काटा मोडून जखम चिघळली, म्हणजे दोन-तीन दिवसांत जांघेत एक दुखरी गाठ येते. खेड्यापाड्यांतून तिला ‘अवधाण’ म्हणतात. जखम पायाला आणि गाठ जांघेत, याचे सामान्य माणसाला नवल वाटते. परंतु या दोन ठिकाणांना जोडणारा एक मार्ग शरीरात आहे. हृदय, फुप्फुसे आणि रक्त यांविषयी सुशिक्षित माणसाला पुष्कळ माहिती असते. या दुसऱ्या मार्गाचा, म्हणजे लसीकासंस्थेचा, परिचय मात्र त्यालाही बेताचाच असतो. हे अज्ञान केवळ परीक्षेपुरते असते, तर त्याची फारशी चिंता करण्याचे कारण नव्हते. भारतात मात्र त्याची किंमत असंख्य कुटुंबांना मोजावी लागते.

रक्त केशवाहिन्यांतून वाहत असताना त्यातील काही द्रव भिंतींतून पाझरून पेशींच्या भोवती साचतो. त्यातील सर्वच द्रव रक्तात थेट परतत नाही. रोज काही लिटर द्रव, आणि त्याबरोबर पाझरलेली प्रथिने, मागे उरतात. हा उरलेला द्रव ज्या नाजूक वाहिन्या गोळा करतात त्या लसीकावाहिन्या होत, आणि त्यांतून वाहणाऱ्या फिकट द्रवाला लसीका म्हणतात. या प्रवाहाला हृदयासारखा स्वतंत्र पंप नाही. वाहिन्यांच्या भिंतींचे आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि श्वासोच्छ्वास यांच्या जोरावर लसीका पुढे सरकते. जागोजागी असलेल्या झडपा तिला मागे येऊ देत नाहीत. अखेर मानेच्या मुळाशी ती मोठ्या नीलांमध्ये मिसळून पुन्हा रक्तात येते. १६२२ मध्ये इटलीतील गास्पारे आसेल्ली यांना नुकत्याच जेवू घातलेल्या कुत्र्याच्या आतड्याजवळ दुधासारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या. त्या म्हणजे अन्नातील स्निग्धांश वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या होत्या. १६५१ मध्ये फ्रान्सच्या झां पेके यांनी हा द्रव छातीतील मोठ्या वाहिनीतून रक्ताला मिळतो, हे दाखवून दिले.

या मार्गावर शरीराने शेकडो चौक्या बसविल्या आहेत. त्याच लसीकाग्रंथी होत. काख, जांघ, मान आणि पोट या भागांत त्यांची दाटी असते. जखमेतून आत शिरलेले जंतू, किंवा त्यांचे तुकडे घेतलेल्या फांद्यांच्या आकाराच्या पेशी, लसीकेबरोबर जवळच्या ग्रंथीत पोहोचतात. तेथे भक्षक पेशी जंतूंना गिळतात आणि लसीकापेशी त्यांची ओळख पटवितात. प्रत्येक लसीकापेशी एकाच विशिष्ट खुणेला प्रतिसाद देते. अशा असंख्य पेशींतून नेमक्या जंतूला ओळखणारी पेशी सापडली, की तिची झपाट्याने वाढ होते. काही पेशी प्रतिपिंडे तयार करतात, काही रोगग्रस्त पेशींचा नाश करतात, तर काही त्या जंतूची स्मृती वर्षानुवर्षे जपतात. लस टोचल्याने संरक्षण मिळते ते या स्मृतीमुळेच. १९५९ च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे जेम्स गोवन्स यांनी उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध केले, की लसीकापेशी रक्तातून ग्रंथींत, तेथून लसीकेत आणि पुन्हा रक्तात अशा अखंड फिरत असतात. जांघेतील गाठ म्हणजे या चौकीवर सुरू झालेली धावपळ होय.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रोगप्रतिकारशक्ती ही चूर्णे आणि पेये घेऊन वाटेल तेवढी वाढविता येईल अशी एखादी साठवण नाही. ती मार्ग, चौक्या आणि गस्त यांची एक रचना आहे. मार्गच तुंबला, तर चौकीवरचा शिपाई कितीही बलवान असून उपयोग नाही. हत्तीरोगात नेमके हेच घडते.

हत्तीरोगाचा कृमी लसीकावाहिन्यांतच वस्ती करतो. भारतातील बहुतेक सर्व रुग्णांत तो वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या जातीचा असतो. दोऱ्यासारखी बारीक मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब असते. प्रौढ कृमी सुमारे सहा ते आठ वर्षे जगतात, आणि त्या काळात मादी लक्षावधी सूक्ष्म पिलांना जन्म देते. ही पिले प्रामुख्याने रात्री रक्तात उतरतात, आणि त्याच वेळी घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास माणसाला चावतो. टिमोथी लुईस यांना १८७२ मध्ये कलकत्त्यात माणसाच्या रक्तात ही पिले आढळली. १८७७ मध्ये चीनमधील अमॉय येथे पॅट्रिक मॅन्सन यांना त्यांची वाढ डासाच्या शरीरात होताना दिसली.

या कृमीचे वैशिष्ट्य असे, की संरक्षणाच्या राजमार्गावर राहूनही तो पहारेकऱ्यांना थोपवून धरतो. तो शरीराच्या प्रतिकाराला मंद करणारी द्रव्ये सोडतो. त्यामुळे अनेक वर्षे ताप नाही, सूज नाही, वेदना नाही. या काळात वाहिन्या मात्र फुगत जातात, झडपा निकामी होतात आणि लसीका साचू लागते. साचलेल्या लसीकेमुळे त्या अवयवाचे जंतूंपासून रक्षण होत नाही. बोटांच्या बेचक्यांतील लहानशा चिरेतून जंतू आत शिरतात, वारंवार ताप येतो, आणि प्रत्येक वेळी सूज थोडी अधिक वाढते. शेवटी पाय हत्तीच्या पायासारखा जाड व खरखरीत होतो. पुरुषांत अंडवृद्धी होते. मृत्यू क्वचितच येतो, परंतु रोजगार जातो, विवाह मोडतात, आणि माणूस घराबाहेर पडणे टाळू लागतो.

राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. २००४ पासून बाधित जिल्ह्यांतील सर्व पात्र लोकांना वर्षातून एकदा औषध देण्याची मोहीम हाती घेण्यात आली. डायइथिलकार्बामाझिन आणि अल्बेंडाझोल ही त्यातील औषधे होत. २०१८ पासून निवडक जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनची जोड देण्यात आली. रोग हटविण्यासाठी २००२ च्या आरोग्य धोरणाने २०१५ हे वर्ष ठरविले होते. ते हुकले, आणि पुढे २०२७ हे वर्ष निश्चित झाले. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा या राज्यांप्रमाणेच महाराष्ट्रातील पूर्व विदर्भही या रोगाने ग्रासलेल्या प्रदेशात मोडतो.

मुदत हुकण्याला कारणे अनेक असतील. त्यांतील एक मात्र घरोघरी दिसते. गोळ्या घेतल्या जातात, पण गिळल्या जात नाहीत. कार्यकर्ता निघून गेला, की त्या फडताळात पडून राहतात. “मला काही झालेले नाही, मग औषध कशाला?” हा प्रश्न सर्वत्र ऐकू येतो. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तरही सरळ दिले पाहिजे. ज्याचा पाय सुजला आहे, त्याच्या रक्तात पुष्कळदा पिले सापडतच नाहीत. उलट जो धडधाकट दिसतो, त्याच्याच रक्तातून डासाला ती मिळतात. म्हणजे रोगाचा साठा निरोगी दिसणाऱ्या माणसांत आहे. औषध रुग्णालाच द्यावे असा आग्रह धरणे म्हणजे रोग जेथे नाही तेथे त्याचा शोध घेणे होय.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे. गोळी घेतल्यावर काहींना ताप येतो, डोके दुखते, मळमळते. मोठ्या प्रमाणात पिले एकदम मेल्यामुळे शरीर खडबडून जागे होते, आणि म्हणून बहुधा हा त्रास होतो. तो सहसा एक-दोन दिवसांत शमतो. ज्याला असा त्रास झाला, त्याला औषधाची खरी गरज होती, असेच बहुतेक वेळा समजावे. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे यांना हे औषध देत नाहीत. इतरांनीही ते रिकाम्या पोटी घेऊ नये.

डास मारले म्हणजे पुरे, असे म्हणणारेही आहेत. गटारे वाहती ठेवणे आवश्यक आहेच, परंतु दाट वस्तीच्या शहरांत एकट्या त्या उपायावर विसंबता येत नाही. औषधाच्या बाजूने एक भक्कम कारण आहे. वुचेरेरियाला माणसाखेरीज दुसरा आश्रयदाता प्राणी नाही, आणि डासावाचून माणसाच्या शरीरात कृमींची संख्या वाढत नाही. काही वर्षे सर्वांच्या रक्तातून पिले नाहीशी ठेवली, तर जुने कृमी वयोमानाने मरतात आणि साखळी तुटते. हा नुसता तर्क नव्हे. चीनने मिठातून औषध देऊन २००७ पर्यंत हा रोग हटविला. श्रीलंका आणि मालदीव २०१६ मध्ये, थायलंड २०१७ मध्ये, तर बांगलादेश २०२३ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून त्यातून मुक्त झाला. हवामान, डास आणि दारिद्र्य या बाबतींत हे देश भारताहून फार निराळे नाहीत.

ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत, त्यांना गोळ्यांनी पूर्वीचा पाय परत मिळत नाही. त्यांची उपेक्षा करून मोहीम यशस्वी झाली असे म्हणता येणार नाही. साबण-पाण्याने पाय रोज धुणे, बेचके कोरडे ठेवणे, चिरांवर औषध लावणे आणि बसताना पाय उंच ठेवणे एवढ्यानेही तापाचे झटके पुष्कळ कमी होतात. अंडवृद्धी शस्त्रक्रियेने बरी होऊ शकते. ही माहिती रुग्णापर्यंत पोहोचविणे हेही औषधवाटपाइतकेच महत्त्वाचे काम आहे.

बाधित जिल्ह्यांतील शाळांनी लसीकासंस्थेचा पाठ हत्तीरोगासह शिकवावा. मुलाला कृमीचे घर कोठे आहे ते कळले, की आईबापांनी बाजूला ठेवलेल्या गोळीविषयी ते घरी विचारल्याशिवाय राहणार नाही. ग्रंथालयांनी मोहिमेच्या तारखा फळ्यावर लिहाव्यात. आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपली गोळी कार्यकर्त्याच्या समक्ष गिळावी. ती गोळी शेजारच्या घरातील मुलाचा पायही वाचवीत असते.