वॉटरप्रूफ बूट घालूनही पाय का भिजतात? भंडाऱ्याच्या डोंगरवाटा आणि भाताच्या बांध्या काय सांगतात

जुलै उजाडला की मोबाइलवर धबधब्यांचे आणि धुक्यात बुडालेल्या किल्ल्यांचे रील्स सुरू होतात. त्यांच्याखाली एक प्रश्न हमखास असतो: पावसाळी ट्रेकसाठी कोणते बूट घ्यावेत? उत्तरंही ठरलेली असतात. वॉटरप्रूफ घ्या, महाग घ्या, घोट्याच्या वरपर्यंत येणारे घ्या.

पूर्व विदर्भातल्या भंडारा जिल्ह्यात याच दिवसांत हजारो पाय पाण्यात असतात. तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या टेकड्यांवर आंबागड किल्ला आणि गायमुख आहे. तिथे फिरायला जाणाऱ्यांचे पाय भिजतात. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा काही भाग याच जिल्ह्यात येतो. पावसाळ्यात त्याच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन बंद असतं, पण गस्त बंद नसते. वाटा चिखलाने अडल्या की वनरक्षक आणि वनमजूर पायीच फिरतात. आणि टेकड्यांखालच्या बांध्यांमध्ये भाताची रोवणी सुरू असते. वाकून परे लावणाऱ्या बायकांचे पाय सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलातच असतात.

या तिघांचा प्रश्न एकच आहे. पण त्याचं उत्तर दुकानात मिळणाऱ्या बुटापेक्षा वेगळं आहे.

वॉटरप्रूफ बूट का फसतो?

वॉटरप्रूफ बुटात कापडाच्या थरांमध्ये एक पातळ पडदा असतो. त्याची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. ही वाफ आपोआप बाहेर पडत नाही. आतली हवा जास्त दमट आणि बाहेरची कोरडी असेल, तरच ती बाहेर ढकलली जाते.

थंड, कोरड्या हवेच्या डोंगरांत हे गणित जमतं. भंडाऱ्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये ते बिघडतं. हवा उबदार असते आणि पावसाच्या दिवशी आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. बुटाच्या आत आणि बाहेर सारखीच दमट हवा असेल, तर वाफ जाणार कुठे? दोन्ही पायांत मिळून सुमारे अडीच लाख घामग्रंथी असतात. बाहेरून एक थेंबही आत आला नाही, तरी दोन तासांच्या चढाईनंतर मोजा आतूनच ओला होतो.

दुसरी अडचण बुटाच्या तोंडाची. ओढा गुडघाभर असेल तर पाणी वरून आत शिरतं. पँटवरून ओघळणारं पाणीही मोज्यातून खाली उतरतं. आणि जो बूट पाणी आत येऊ देत नाही, तो आत आलेलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. मग तो बूट पाण्याने भरलेल्या डब्यासारखा होतो आणि रात्रभर ठेवला तरी वाळत नाही.

भिजलेल्या पायाचं नेमकं काय होतं?

पाण्यात बराच वेळ राहिलं की बोटांना सुरकुत्या पडतात. तो आजार नव्हे. मज्जातंतूंच्या इशाऱ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी आत ओढली जाते. पण तास वाढत गेले की कातडीचा बाहेरचा थर पाणी शोषून फुगतो, पांढरा पडतो आणि मऊ होतो. अशी कातडी थोड्याशा घर्षणानेही सोलली जाते. ट्रेकमध्ये फोड येतात ते यामुळे.

बोटांच्या बेचक्यांमध्ये हवा पोहोचत नाही. तिथे कातडी फाटते, खाज सुटते, आग होते. यालाच आपण चिखल्या म्हणतो. पुढे तिथे बुरशी आणि जीवाणू घर करतात. मधुमेह असलेल्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर जखम झाल्याचं कळतही नाही आणि ती चिघळू शकते.

आणखी एक धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून पाण्यात आलेले जीवाणू फाटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. कोकणातल्या भातशेतकऱ्यांना आणि पुराच्या पाण्यातून चालणाऱ्या मुंबईकरांना हा आजार ओळखीचा आहे. चिखल्या झालेला पाय म्हणजे या जीवाणूंना उघडं दार. पाण्यात वावरल्यानंतरच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना ‘मी पाण्यात होतो’ किंवा ‘मी रोवणीला गेले होते’ हे आवर्जून सांगावं. निदानाची दिशा त्या एका वाक्याने बदलू शकते. प्रतिबंधक गोळ्या असतात, पण त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

सैन्यांना हा धडा कसा मिळाला?

पहिल्या महायुद्धात युरोपातल्या थंड, पाणथळ खंदकांमध्ये सैनिकांचे पाय सडू लागले. या त्रासाला ‘ट्रेंच फूट’ हे नाव पडलं. यावर बुटांपेक्षा शिस्तीचा उपयोग जास्त झाला: रोज पाय तपासायचे, पुसायचे, तेल चोळायचं आणि मोजे बदलायचे.

भंडाऱ्याला अधिक जवळचं उदाहरण व्हिएतनामचं आहे. १९६० च्या दशकात मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात अमेरिकी सैनिक दिवसेंदिवस भातखाचरांत फिरत होते. तिथे थंडी नव्हती, पाणी कोमट होतं. तरीही तळपाय पांढरे पडत, सुजत, आणि चालणं अशक्य होई. अखेर तिथल्या ९ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनने नियम केला: भातखाचरांतली मोहीम शक्यतो ४८ तासांपेक्षा जास्त नको आणि त्यानंतर पाय वाळवायला २४ तासांची विश्रांती.

यातला मुद्दा सरळ आहे. पाय भिजणार हे मान्य करायचं. मोजायचं ते इतकंच की चोवीस तासांत पाय कोरडे किती वेळ राहिले.

मग ट्रेकला जाताना काय करायचं?

- एका दिवसाच्या उबदार पावसातल्या भटकंतीला जाळीदार, पाणी निथळू देणारे आणि चांगली पकड असलेले बूट बरे. ते लवकर भिजतात, पण चालता चालता पाणी बाहेर टाकतात.
- सुती मोजे टाळा. सूत पाणी धरून ठेवतं. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे भिजले तरी कातडीला कमी घासतात.
- निघण्यापूर्वी तळव्यांना आणि टाचांना पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. बोटांच्या बेचक्यांत मात्र लावू नका, तिथे ओल अडकते.
- दुपारी जेवायला थांबाल तेव्हा बूट-मोजे काढा. पंधरा-वीस मिनिटं पाय उघडे ठेवा, मोजे पिळून घ्या.
- मोज्यांची एक जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. ती फक्त मुक्कामावर घालायची. कितीही मोह झाला तरी चालताना काढायची नाही.
- घरी आल्यावर साबणाने पाय धुवा आणि प्रत्येक बेचकं वेगळं पुसा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ते ओले झाले की बदला.

मलम घेताना सावध

चिखल्यांवर घरोघरी मेंदी किंवा हळद-तेल लावलं जातं. मेंदीने कातडी आवळली जाते, त्यामुळे अनेकांना आराम वाटतो. पण फाटलेल्या कातडीवर रसायन मिसळलेली ‘काळी मेंदी’ लावू नये.

त्याहून मोठा धोका औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या मलमांचा. त्यांपैकी अनेकांत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा नायटा ही देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांची डोकेदुखी झाली आहे आणि अशा मलमांचा बेसुमार वापर हे त्याचं एक कारण मानलं जातं. केंद्र सरकारने २०१८ मध्ये कातडीवर लावायची अनेक स्टेरॉइड औषधं ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

ज्यांना पाय बाहेर काढताच येत नाहीत

ट्रेकरचा दिवस संध्याकाळी संपतो. वनरक्षकाला जंगलातल्या संरक्षण कुटीत मोजे वाळत घालायला निदान छप्पर मिळतं. रोवणीवरच्या बाईला यातलं काहीच नसतं.

तिला गमबूट द्यावेत, असं सहज सुचवलं जातं. पण चिखलणी केलेल्या बांधीत पाऊल खोल रुततं. गमबूट चिखलात अडकतो आणि पाय तेवढा वर येतो. ओळीने मागे सरकत परे लावायचे तर ते बूट उलट अडसर होतात. म्हणून बहुतेक जणी अनवाणीच उतरतात. रोवणीचे दिवस मोजके, पाऊस साधून सगळ्यांना एकदमच मजूर हवे असतात. जिथे मजुरी एकराच्या हिशेबाने ठरते, तिथे धुऱ्यावर पाय वाळवत घालवलेली पंधरा मिनिटं थेट पैशात मोजली जातात. घरी परतल्यावर अंगण, गोठा आणि मोरीही ओलीच असते.

म्हणजे तिच्याकडे कमी पडतात ते कोरडे तास. सैनिकांना ते आदेशाने मिळाले. तिला मिळायचे असतील तर जेवणाची सुट्टी पूर्ण हवी, धुऱ्याजवळ ताडपत्रीखाली कोरडी जागा हवी, पाय धुवायला स्वच्छ पाणी हवं आणि रोवणीच्या काळात गावातल्या आरोग्य केंद्रात पाय तपासले जायला हवेत. यातलं काहीच महाग नाही. एका वॉटरप्रूफ बुटाच्या किमतीत गावातल्या एका रोवणीच्या गटासाठी ताडपत्री, साबण आणि कोरडे पंचे येतील.

ट्रेकरने बूट निवडताना लक्षात ठेवावं आणि शेतमालकाने सुट्टी ठरवताना विसरू नये, अशी गोष्ट एकच आहे. पावसात पाय भिजणारच. ते रोज पुरते वाळतात की नाही, यावर दुखणं ठरतं.