कॅन्सरची शंभर रुपयांची गोळी : उंदरावरचा प्रयोग आणि बार्शीचा पुरावा

वालचंदनगर : मागच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर एका विद्यार्थ्याची आई गेटपाशी थांबली होती. तिच्या सासूबाईंवर पुण्यात स्तनाच्या कॅन्सरचे उपचार चालू आहेत. मोबाईल पुढे करत म्हणाली, "बाजी, ही शंभर रुपयांची गोळी बारामतीत मिळंल का? मिळाली तर किमोचा त्रास तरी वाचंल त्यांचा."

ती बातमी फेब्रुवारी २०२४ची आहे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या संशोधकांनी कॅन्सर परत होऊ नये म्हणून शंभर रुपयांची गोळी शोधली, असं तेव्हा सगळ्या चॅनेलवर आलं. द्राक्षात असतं ते रेझवेराट्रॉल आणि तांबं, यांची ती गोळी. बातमी खोटी नव्हती, पण अर्धी होती. कॅन्सर पसरण्याबद्दलचा मुख्य प्रयोग उंदरांवर झाला होता. मरणाऱ्या कॅन्सर पेशींतून बाहेर पडणारे कण निरोगी पेशींत शिरतात, आणि ही गोळी त्या कणांना निकामी करते, असं संशोधकांचं म्हणणं. माणसात कॅन्सर परत येणं तिनं थांबतं का, हे मोठ्या चाचणीतून ठरायचं होतं. व्हॉट्सॲपवर फिरताना नेमकं तेवढंच वाक्य गळालं.

आपल्या समाजात कलौंजीचंही असंच होतं. कलौंजीतल्या घटकानं काचेच्या बशीत कॅन्सर पेशी मरतात, असे प्रयोग झालेत. आपल्याकडे कलौंजीला मान आहे, घरात ती असावीच. पण बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. बशीत तर फिनाईल ओतलं तरी पेशी मरतात!

गंमत बघा. त्याच टाटा हॉस्पिटलनं आणखी एक शंभर रुपयांच्या आतलं काम केलं, ते मात्र कुणी फॉरवर्ड केलं नाही. स्तनाची गाठ काढण्याआधी काही मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेनचं, म्हणजे भूल देण्याचं साधं इंजेक्शन द्यायचं. देशातल्या ११ केंद्रांवर सुमारे १६०० महिला या चाचणीत होत्या. निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना नाही; कुणाला द्यायचं हे डॉक्टरनं नाही, चिठ्ठीनं ठरवलं. पाच वर्षांनी इंजेक्शनवाल्या शंभरातल्या ९० हयात होत्या, बाकीच्यांतल्या ८६. हे २०२३ साली प्रसिद्ध झालं.

चिठ्ठी कशाला? डॉक्टरनं निवड केली तर कळत-नकळत धडधाकट पेशंट नव्या उपचाराकडे जातात आणि श्रेय औषधाला मिळतं. आपल्या कारखान्यात रॉकेटचे भाग बनतात, तेही तपासणीशिवाय गेटबाहेर पडत नाहीत. माणसाच्या औषधाला वेगळा नियम कसा असेल?

या पद्धतीचं जगभर गाजलेलं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. इंदापूर-टेंभुर्णी-कुर्डुवाडी करत बार्शीला गेलं की नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल लागतं. तिथल्या आणि टाटाच्या डॉक्टरांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांचा अभ्यास केला. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठीनं चार भाग केले. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगर लावून पाहणं, चौथ्यात नेहमीचंच, म्हणजे वेगळी तपासणी नाही. आठ वर्षांनी हिशेब झाला. एचपीव्ही तपासणीच्या भागात ३४,१२६ महिलांपैकी ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं गेल्या. चौथ्या भागात ३१,४८८ पैकी ६४. व्हिनेगरच्या एकाच तपासणीनं मृत्यू ठळकपणे घटले नाहीत. मुंबईच्या वस्त्यांत मात्र तीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. खोलीत बसून हे कुणाला सांगता आलं नसतं.

पण त्या ६४ जणींचं काय? त्या कुणाच्या तरी अम्मी होत्या, कुणाच्या आई. देशात तेव्हा सरकारी तपासणी मोहीमच नव्हती, त्यामुळे आम्ही कुणाचं काही काढून घेतलं नाही, असं संशोधकांचं उत्तर. टीकाकार म्हणाले, पॅप तपासणी उपयोगी पडते हे जगाला आधीच माहीत होतं. मुंबईच्या चाचणीत अमेरिकेचा पैसा होता; संमती घेताना महिलांना पुरेशी माहिती दिली नाही, असं अमेरिकेच्याच सरकारी यंत्रणेनं नोंदवलं. मला दोन्ही बाजू कळतात, तरी माझं मन टीकाकारांकडे झुकतं. गरीब बाईची सही घेणं सोपं असतं.

शिक्षिका म्हणून मला याहून जास्त टोचतं ते २०१०चं प्रकरण. आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात मुलींना एचपीव्ही लस दिली जात होती. खम्ममला बऱ्याच मुलींच्या संमतीपत्रावर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्या. काही मुलींचे मृत्यू झाले. ते लसीमुळे नव्हते असं चौकशीत निघालं, पण विश्वास गेला तो गेलाच. सरकारनं सगळे एचपीव्ही प्रयोग थांबवले. त्यात बार्शी, पुण्यासह देशभर चाललेली वेगळी चाचणीही अडकली, आणि अनेक मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्या मुलींची नोंद सोडली नाही. दहा वर्षांनी दिसलं की एक डोसही जवळजवळ तेवढंच संरक्षण देतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोस मान्य केला, त्यामागे या मुलींचाही पुरावा आहे.

"आपल्यात हा आजार होत नाही," असं आपल्या बायका सर्रास म्हणतात. खतन्यामुळे मुस्लिम महिलांत या कॅन्सरचं प्रमाण कमी दिसतं, हे खरं. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि स्तनाच्या कॅन्सरला तर तो आधारही नाही.

त्या भाभींना मी सांगितलं, गोळीचं डॉक्टरांना जरूर विचारा, लाजू नका. ती चाचणी असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत तिची नोंद सापडते का बघू, मी मोबाईलवर काढून देते. संमतीपत्र पुढे आलं तर मराठीत किंवा उर्दूत मागा, घरी आणून वाचा, मगच सही करा. किमोची पुढची तारीख सोमवारची होती. ती चुकवायची नाही, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.