पिस्तूल शेवटी कुणाच्या हातात?

बाईने स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घ्यावं का, हा प्रश्न आपल्या बैठकांत अधूनमधून निघतो आणि बहुतेक वेळा हसण्यावारी जातो. यंदा मला तो हसण्यावारी नेता आला नाही. पापडीजवळच्या आमच्या वाडीत मी एकटी राहते. वाडी विका म्हणून दोन वर्षं माणसं येताहेत. आधी गोड बोलणं झालं, मग निरोप आले, आणि जूनमधल्या एका रात्री कौलांवर दगड पडले. भाचा म्हणाला, "मावशी, आता लायसन काढ." त्याने चित्रही आणून दाखवलं. सरकारी कारखान्यात बनणारं पॉइंट बत्तीस बोअरचं 'अशनि' पिस्तूल. अशनि म्हणजे वज्र.

मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर ते मला आवडलं. जुन्या सिनेमातल्यासारखं चपटं, पोलादी. हातात असं काही असलं तर दारावर येणारा खालच्या आवाजात बोलेल, हा विचार सुखाचा होता. मी अर्जाची माहिती काढली, तीन महिने विचार केला आणि घ्यायचं नाही असं ठरवलं. उद्या हा प्रश्न तुमच्यापैकी कुणापुढेही येईल, म्हणून माझी कारणं इथे मांडते.

आधी एक आक्षेप बाजूला करू. "बाईला शस्त्र शोभत नाही" असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. १९५९ चा शस्त्र कायदा परवान्यासाठी एकवीस वर्षं पूर्ण लागतात म्हणतो, पुरुष असावं लागतं असं म्हणत नाही. बलात्काराच्या किंवा अ‍ॅसिड फेकण्याच्या हल्ल्यात स्वतःला वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला, तरी तो बचावाचा हक्क ठरू शकतो. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम १०० मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. तेव्हा हक्क आपला आहेच. प्रश्न एवढाच की त्या हक्काने आपण वाचतो का.

बायकांसाठी म्हणून खास शस्त्र काढण्याचा प्रयोगही होऊन गेला. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. वजन अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असं. किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये! घरकाम करणाऱ्या, रात्रपाळीहून परतणाऱ्या, पहाटेच्या लोकलने भाजीची टोपली घेऊन मुंबईला जाणाऱ्या आपल्या बायकांपैकी किती जणींना ते परवडेल? मणिपूरमध्ये बंदुकीने उद्ध्वस्त झालेल्या बायकांबरोबर काम करणाऱ्या बिनालक्ष्मी नेप्राम यांनी तेव्हाच त्याला कडाडून विरोध केला होता. रस्ता सुरक्षित करण्याची जबाबदारी सरकारची. ती झटकून बाईच्या पर्समध्ये टाकायची, असाच याचा अर्थ होतो.

आता खुद्द पिस्तुलाकडे पाहू. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळ्यांची मॅगझिन मुठीत बसते. वरचा भाग एकदा मागे खेचून सोडला की पहिली गोळी नळीत चढते. मग प्रत्येक वेळी घोडा दाबला की एक गोळी सुटते आणि दुसरी आपोआप चढते. मॅगझिन काढून घेतली तरी चढलेली गोळी आतच राहते, आणि "रिकामं आहे" म्हणून हाताळलेलं पिस्तूल सुटतं. म्हणून ते रिकामं करून कुलपात ठेवावं लागतं. परवाना मागतानाही सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते, ती योग्यच आहे. पण मग रात्री दोन वाजता कुणी दार फोडलं तर किल्ली शोधायची, मॅगझिन बसवायची, गोळी चढवायची, तीही थरथरत्या हातांनी? भरून उशाशी ठेवावं, तर घरातलं पोर, दारू पिऊन आलेला नवरा, कुणाच्याही हाताला ते लागणार.

माझं मुख्य म्हणणं इथेच आहे. पिस्तूल घेताना आपल्या डोळ्यांपुढे अंधारातला अनोळखी माणूस असतो. पण देशात बलात्काराच्या नोंदलेल्या दहांपैकी नऊहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. बायकांवरच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा आहे. त्या घरात आणलेलं पिस्तूल परवान्यावर बाईच्या नावाचं असेल, पण ते घरात ज्याची सत्ता त्याचं होईल. तिच्या पगाराचं, तिच्या दागिन्यांचं काय होतं, ते आपण पाहतोच की!

याचे आकडे आपल्याकडचे नाहीत, अमेरिकेतले आहेत, कारण तिथे घरोघरी बंदुका आहेत. २००३ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की मारहाण करणाऱ्या जोडीदाराला बंदूक उपलब्ध असेल तर बाईचा खून होण्याचा धोका पाचपट होतो. कॅलिफोर्नियातल्या २०२२ च्या अभ्यासात, घरातल्या दुसऱ्या कुणाकडे पिस्तूल असलेल्या माणसांचा खून होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. आणि २०२० च्या अभ्यासात, स्वतःचं पिस्तूल असलेल्या बायकांचं बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण ते नसलेल्या बायकांच्या पस्तीसपट होतं. मी एकटी राहते, मला मारणारा नवरा नाही. पण एकटेपणाच्या वाईट रात्री माझ्याही वाट्याला येतात. त्या रात्री कपाटात काय असावं, हेही मी ठरवायला हवं.

दुसरी गोष्ट परवान्याची. आपल्याकडे हा अर्ज मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे जातो. जिवाला धोका आहे हे पोलिसांना पटवावं लागतं. म्हणजे पोलिसांनी आधी माझ्यावर विश्वास ठेवायला हवा. आणि तो ठेवला, तर त्यांनी दगड मारणाऱ्याला पकडायला नको का? वसईच्याच एका मुलीने नोव्हेंबर २०२० मध्ये पोलिसांना लेखी कळवलं होतं की सोबत राहणारा मुलगा मारहाण करतो, जिवे मारण्याची धमकी देतो. २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला आणि आरोप त्याच मुलावर आहे. पिस्तुलाआधी त्या कागदाची दखल घेणारं कुणीतरी तिला हवं होतं. जून २०२४ मध्ये वसईत सकाळच्या वेळी भर रस्त्यात एका तरुणीला लोखंडी पान्याने मारून टाकलं. भोवती माणसं होती. कमी पडलं ते शस्त्र नव्हतं, पुढे होणारे हात होते.

जमिनीपायी बंदूक वसईने पाहिलेली आहे. ९ ऑक्टोबर १९८९ ला नालासोपारा स्टेशनवर एका बांधकाम व्यावसायिकाला गोळ्या घालून मारलं, ते आमच्या पिढीला आठवतं. बंदुकांच्या शर्यतीत माझ्या एका पिस्तुलापुढे त्यांची दहा येतील. त्याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारख्यांच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. तिथे माणसं निःशस्त्र होती, पण एकेकटी नव्हती.

म्हणून मी काय केलं? मंडळाच्या दोघींना घेऊन लेखी तक्रार दिली आणि शिक्का मारलेली पोच घेतली. सातबाराच्या प्रती तिघींच्या घरी ठेवल्या. अंगणात दिवे लावले, शेजारच्या घरात वाजेल अशी घंटा बसवली. आठवड्यातून दोन रात्री कुणीतरी मुक्कामाला येते. भीती गेली असं म्हणणार नाही. पण ती आता माझ्या एकटीची राहिलेली नाही.

एखादीला हे पटणार नाही. दूरच्या वस्तीवर, जिथे हाकेला कुणीच नाही, तिथल्या बाईने काय करावं, याचं उत्तर माझ्या घंटेत नाही. तिने परवाना मागितला तर तिला नावं ठेवू नका. पण तिच्या हाकेला कुणीच का नाही, हा प्रश्न आपल्या संघटनांनी स्वतःला विचारायला हवा. तुमच्या गावात काय अनुभव आहे, जरूर लिहा.